पदवीनंतरचे तीस तास

१०६ डॉक्टर. ६३ प्रकारची प्रिस्क्रिप्शनं. त्यांतली बरोबर फक्त ६.

हे आकडे मुंबईतल्या धारावीचे आहेत. झरीर उदवाडिया, लान्सलॉट पिंटो आणि मुकुंद उपलेकर यांचा शोधनिबंध २०१० साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला, त्यातले. धारावीत खासगी दवाखाना चालवणाऱ्या १०६ डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं होतं. सहा जणांचं उत्तर बरोबर आलं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे ‘एमडीआर’ क्षयाचं प्रिस्क्रिप्शन तर तिघांनाच जमलं. चुकांचा कलही ठरलेला होता : गरजेपेक्षा जास्त औषधं, गरजेपेक्षा जास्त महिने.

उपलेकरांनीच १९९१ साली मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये अशीच पाहणी केली होती. तेव्हा शंभराच्या आसपास डॉक्टरांनी ८० निरनिराळे उपचार लिहून दिले होते. म्हणजे दोन दशकांची कमाई काय, तर ८० वरून ६३. आणि हे सगळे पाटी लावून बसलेले, रोज रुग्ण तपासणारे लोक. सरकारी क्षयरोग कार्यक्रमाने त्यांना कधी जवळ केलं नव्हतं, हेही निबंधात नोंदलेलं आहे.

पदवीनंतर शिकत राहायला हवं, हे वैद्यकीय व्यवसायात कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा. आपली व्यवस्था डॉक्टर आणि नर्स किती तास बसले ते मोजते. त्यानंतर प्रिस्क्रिप्शन बदललं का, हे मोजत नाही. आणि आजवरच्या संशोधनाचे आकडे सांगतात की या दोन गोष्टींचं नातं फार लांबचं आहे.

एका आजाराची तीस वर्षं

१९९६ साली एमबीबीएस झालेला डॉक्टर घ्या. आज तो पन्नाशीत आहे, दवाखान्यात गर्दी आहे. कॉलेज सुटल्यापासून एकट्या क्षयाच्या बाबतीत काय काय बदललं?

१९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून तीन दिवस, कुणाच्या तरी देखत गोळ्या घ्यायच्या, ही ‘डॉट्स’ पद्धत २००६ पर्यंत देशभर पोहोचली. मे २०१२ मध्ये क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी जूनमध्ये रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखण्याच्या चाचण्यांवर बंदी आली. बंदीआधी अशा सुमारे १५ लाख चाचण्या दरवर्षी होत असल्याचा अंदाज होता, आणि त्यांच्या निकालावर विसंबणं धोक्याचं होतं. २०१६ मध्ये बेडाक्विलिन हे नवं औषध निवडक केंद्रांत मिळू लागलं. २०१७ मध्ये आठवड्यातून तीनदाचा नियम गेला आणि रोजच्या गोळ्या आल्या, त्याही रुग्णाच्या वजनानुसार, एकाच गोळीत अनेक औषधं घातलेल्या. २०२४ मध्ये एमडीआर क्षयासाठी चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर झाला. त्याआधी अशा रुग्णाला वीस-वीस महिनेही गोळ्या गिळाव्या लागत.

एका आजारात, एका कारकिर्दीत, सहा मोठी वळणं. १९९६ साली या डॉक्टरने परीक्षेत लिहिलेलं उत्तर तेव्हा अगदी बरोबर असेल, पण आज तेच लिहिलं तर रुग्णाचं नुकसान होईल. मधुमेह, रक्तदाब, दमा, गरोदर बाईचा ॲनिमिया यांचीही अशीच यादी करता येईल.

नियम काय सांगतो

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत एक ओळ आहे : डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं हे तास नोंदणीशी जोडले. राज्यात दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात.

जरा हिशोब करू. पाच वर्षांत ३० तास, म्हणजे वर्षाला ६. महिन्याला अर्धा तास. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत २४० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ३० दिवस. साडेपाच वर्षं शिकून घेतलेली पदवी पुढची चाळीस वर्षं ताजी ठेवायला आपण एक महिना दिला आहे.

नर्सना नियम जास्त कडक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे पाच वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०. डॉक्टरच्या पाचपट. ब्रिटनमध्ये उलट आहे : तिथल्या नर्सला तीन वर्षांत ३५ तास पुरतात, पण डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांचा प्रघात वर्षाला ५० क्रेडिटचा, म्हणजे पाच वर्षांत २५० चा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात डॉक्टरला दोन वर्षांत ५० तास भरावे लागतात.

हे आकडे शेजारी ठेवले की पहिला विचार मनात येतो तो आपले ३० तास वाढवून १०० करण्याचा. पण थांबा. तास वाढवल्याने नेमकं काय वाढतं, ते आधी पाहायला हवं.

७३ दिवसांची दंतकथा

या विषयावरच्या प्रत्येक भाषणात एक आकडा हमखास येतो. वैद्यकीय ज्ञान दुप्पट व्हायला १९५० साली ५० वर्षं लागत, १९८० मध्ये ७ वर्षं, २०१० मध्ये साडेतीन, आणि २०२० मध्ये फक्त ७३ दिवस. पीटर डेन्सन या अमेरिकी प्राध्यापकांच्या २०११ च्या लेखातून तो सर्वत्र पसरला. पण २०२० चा आकडा हा तेव्हा केलेला अंदाज होता, कुणी मोजून काढलेली गोष्ट नव्हती. शिवाय ज्ञान मोजायचं कोणत्या मापानं? छापून आलेला प्रत्येक निबंध म्हणजे ज्ञान नव्हे.

त्यापेक्षा भरवशाचा आकडा २०१० चा आहे. हिल्डा बॅस्टियन, पॉल ग्लाझिऊ आणि इयन चामर्स यांनी मोजून दाखवलं की जगात दररोज ७५ नव्या वैद्यकीय चाचण्यांचे आणि ११ पद्धतशीर आढाव्यांचे निबंध प्रसिद्ध होत होते. रोजचे ८६. एकेकाला पंधरा मिनिटं दिली तरी साडेएकवीस तास. रुग्ण तपासायला, जेवायला आणि झोपायला मिळून अडीच तास उरतात.

म्हणजे सगळं वाचायचं, हे उत्तर असूच शकत नाही. ‘सतत वाचत राहा’ हा उपदेश ऐकायला बरा वाटतो, पण आकड्यांपुढे टिकत नाही. डॉक्टरला हवं आहे ते निवडून दिलेलं, त्याच्या समोरच्या रुग्णाला लागू पडेल एवढं, आणि वेळेवर.

पिकलेल्या केसांचं काय?

‘डॉक्टर म्हातारा बघावा आणि न्हावी तरुण’ असं म्हणणारे लोक अजून आहेत. अनुभव शिकवतो, यावर आपला गाढ विश्वास आहे. नितीश चौधरी, रॉबर्ट फ्लेचर आणि स्टीफन सौमराय यांनी २००५ मध्ये या विश्वासाची झडती घेतली. डॉक्टरच्या व्यवसायाची वर्षं आणि त्याच्या कामाचा दर्जा यांचा संबंध तपासणारे ६२ अभ्यास त्यांनी एकत्र केले. ३२ अभ्यासांत असं दिसलं की वर्षं वाढतात तशी सगळ्याच बाबतींत कामगिरी उतरते. १३ अभ्यासांत काही बाबतींत उतरते. १३ अभ्यासांत संबंधच आढळला नाही. अनुभवाबरोबर सगळ्या बाबतींत कामगिरी सुधारते, असं म्हणणारा अभ्यास किती? एक.

आता याची दुसरी बाजू. २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात युसुके त्सुगावा आणि सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्याच्या, अमेरिकेतल्या १८,८५४ डॉक्टरांनी सांभाळलेल्या ७,३६,५३७ नोंदी अभ्यासल्या. दाखल झाल्यापासून ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण, रुग्णांच्या आजारपणातले फरक वजा करून, असं निघालं : डॉक्टर चाळिशीच्या आतला असेल तर १०.८ टक्के, चाळिशीतला ११.१, पन्नाशीतला ११.३ आणि साठीपुढचा १२.१. पण जे डॉक्टर भरपूर रुग्ण पाहत होते, त्यांच्यात वयाचा हा फरक दिसलाच नाही.

हा शेवटचा मुद्दा निसटू देऊ नये. दोष वयाचा असता तर तो सगळ्यांनाच लागला असता. कामाचा सराव भरपूर असला की वय आड येत नाही, असं हे आकडे सुचवतात. हा निरीक्षणावर बेतलेला अभ्यास आहे, तेव्हा त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण ज्येष्ठ डॉक्टरांना सरसकट मोडीत काढायला तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही, एवढं नक्की.

मग आपलं कुठे कमी पडतं, ते डॉक्टरला स्वतःला कळतं का? २००६ मध्ये डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा २० तुलना तपासल्या : एका बाजूला डॉक्टरने स्वतःला दिलेले गुण, दुसऱ्या बाजूला बाहेरच्याने केलेलं मूल्यमापन. १३ तुलनांत दोहोंचा मेळ जेमतेम होता, नव्हताच, किंवा उलटा होता. ‘मला काय शिकायची गरज आहे ते मी ठरवेन’ ही पद्धत म्हणूनच फसते. जो विषय आवडतो, त्याच्याच व्याख्यानाला माणूस जातो. आणि त्यात तो बहुधा आधीच चांगला असतो.

हॉटेलातला रविवार

आपल्याकडे या शिक्षणाचं रोजचं नाव ‘सीएमई’. रविवारी सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये नोंदणीचं टेबल, गळ्यात अडकवायचं कार्ड, बाहेर औषध कंपन्यांचे स्टॉल. आत तीन-चार व्याख्यानं, प्रत्येकी साठ-सत्तर स्लाइड. दुपारी जेवण. जेवणानंतर हॉल अर्धा रिकामा, पण सर्टिफिकेट घ्यायच्या वेळी पुन्हा रांग. पॉइंट जमा.

अशा सभांनी काय साधतं, यावर कॉक्रेन या संस्थेचा आढावा आहे. २००९ च्या आवृत्तीत ८१ चाचण्या आणि ११,००० हून अधिक आरोग्य व्यावसायिक होते. सभांमुळे योग्य रीतीनं वागण्याचं प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी वाढलं. सोपं करून सांगायचं तर, जिथे शंभर वेळा योग्य उपचार व्हायला हवा, तिथे सभेनंतर तो आणखी सहा वेळा झाला. २०२१ मध्ये आढावा नव्यानं केला, अभ्यासांची संख्या २१५ झाली, आणि आकडा निघाला ६.७९. बारा वर्षं, अडीचपट पुरावा, उत्तर जवळपास तेच.

६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. लाखो रुग्णांच्या देशात ते मोलाचेच आहेत. पण केवळ व्याख्यान ऐकवणाऱ्या सभांपेक्षा केस मांडून चर्चा आणि हाताने सराव करायला लावणाऱ्या सभांचा गुण जास्त येतो, हे १९९९ पासून माहीत असून आपले रविवार मात्र स्लाइडांतच जातात.

हातानं करायच्या कामांत तर व्याख्यान आणखी तोकडं पडतं. हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचं प्रशिक्षण पाहा. २००० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत १५ वेळा दाबा, २ श्वास द्या, असं होतं. २००५ मध्ये ते ३० आणि २ झालं. तोवर आधी श्वासमार्ग मोकळा करायचा, मग श्वास, मग छाती असा क्रम होता. २०१० मध्ये छाती पहिली आली. २०१५ मध्ये वेग ठरला मिनिटाला १०० ते १२०, आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर. २००४ साली शिकलेली नर्स वॉर्डात धावत आली तर तिचे हात पंधरावर थांबतील, कारण घाईत हातांना आठवतं ते सरावाचं, परिपत्रकातलं नव्हे. आणि सराव टिकतो किती? आढावे सांगतात की हे कौशल्य सहा महिने ते वर्षभरात उतरायला लागतं. प्रमाणपत्राची मुदत मात्र दोन वर्षांची असते.

कळतं, पण वळत नाही

आतापर्यंतचा हिशोब माहितीचा होता. खरी गोम पुढेच आहे.

जिष्णू दास आणि मधुकर पै यांच्या गटाने दिल्लीत एक अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित माणसं रुग्ण बनून दवाखान्यांत गेली. दोन-तीन आठवडे खोकला, ताप, अशी क्षयाची शंका यावी अशी तक्रार. २५० भेटींपैकी योग्य हाताळणी झाली ती ५२ भेटींत, म्हणजे २१ टक्के. मग त्या दवाखान्यांतल्या ६९ डॉक्टरांपुढे तसाच रुग्ण कागदावर मांडला आणि विचारलं, काय कराल? ७३ टक्के म्हणाले, थुंकी तपासू किंवा छातीचा एक्स-रे काढू. त्यांच्याच दवाखान्यात प्रत्यक्षात ते करणारे निघाले १० टक्के.

७३ आणि १० यांच्यामधले ६३ टक्के कोणत्याही व्याख्यानानं भरून निघणार नाहीत, कारण त्या डॉक्टरांना उत्तर येत होतं. तिथे आडवं येतं ते वेगळंच : बाहेर ताटकळणारी रांग, रुग्णाच्या खिशातले पैसे, ‘आज बरं वाटेल असं काहीतरी द्या’ हा आग्रह, आणि टेस्ट लिहून दिली तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल ही भीती.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला प्रयोगही हेच बोलतो. तिथे पदवी नसलेल्या ३०४ गावठी वैद्यांपैकी निम्म्यांना नऊ महिने, ७२ सत्रांत, १५० तास शिकवलं. सरासरी हजेरी ५६ टक्के होती. तरी योग्य हाताळणीचं प्रमाण ७.९ अंकांनी वाढलं. अनावश्यक औषधं मात्र तेवढीच राहिली. नवं करायला शिकवता येतं. जुनं सोडवणं अवघड, विशेषतः त्या जुन्यावरच कमाई उभी असेल तेव्हा.

जिथे गुण आला

गडचिरोलीचा आकडा जगभर गेला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्यूदर शेजारच्या तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. यात शिकवण्याची रीत महत्त्वाची आहे. एकदाच शिबिर घेऊन बायकांना सोडून दिलं नव्हतं. प्रशिक्षण टप्प्याटप्प्यानं झालं, आणि पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन त्यांच्या नोंदी तपासायचे, चुकलेलं तिथल्या तिथे दाखवायचे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचं. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. हिपॅटायटिस सीचे तज्ज्ञ विद्यापीठात, रुग्ण दूरच्या खेड्यांत आणि तुरुंगांत. अरोरांनी रुग्ण शहरात बोलावण्याऐवजी गावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं. तिथे प्रत्येकाने आपली केस मांडायची. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले : विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के.

आणि महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात दगावणाऱ्यांचं प्रमाण एके काळी ३० टक्क्यांच्या आसपास होतं. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, फुप्फुसात भरणारं पाणी यांच्या नोंदी ठेवल्या, त्या जगातल्या संशोधनाशी ताडून पाहिल्या, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरात आणलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं. त्यांचा पहिला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९८२ साली, महाडसारख्या गावातून.

तिन्ही उदाहरणांत समान काय आहे? शिकणं स्वतःच्या रुग्णावर होतं, थोडंथोडं आणि वारंवार होतं, आणि निकाल मोजलेला होता.

तीच बेरीज, वेगळी मांडणी

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या. त्यांतली एक आजन्म शिकणाऱ्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये, परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी आचारसंहिताही आणली. औषध कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना त्यात मनाई होती. २ ऑगस्टला अधिसूचना निघाली आणि २३ ऑगस्टला तिला स्थगिती मिळाली. एकवीस दिवसांत विषय मिटला. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषध विक्रीची समान आचारसंहिता आणली. तिने परदेशी परिषदांना लगाम घातला, पण सीएमईचा खर्च कंपन्यांनी करण्याची वाट पूर्ण बंद केली नाही. शिकवणीचं बिल कोण भरतं, यावर शिकवणीत काय येतं ते ठरतं. जुनं, स्वस्त, पुरेसं औषध कोणत्या स्टॉलवर दिसणार?

तास वाढवण्यापेक्षा, आहेत तेच ३० तास वेगळे वाटता येतील. त्यांतले १० स्वतःच्या केसपेपरांसाठी ठेवावेत : एखाद्या आजाराचे गेले वीस रुग्ण काढायचे, चालू मार्गदर्शिकेशी ताडायचे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे. अशा तपासणीनं होणारी सुधारणाही छोटीच असते. १४० अभ्यासांचा २०१२ चा कॉक्रेन आढावा मधला आकडा ४.३ टक्के देतो. पण ज्यांची सुरुवातीची कामगिरी कमकुवत होती, तिथे गुण जास्त आला, आणि मुंबईत आपल्याला नेमकं तेच हवं आहे. आणखी १० तास केस मांडण्याच्या छोट्या बैठकांना द्यावेत. तालुक्याच्या ठिकाणी, आठ-दहा डॉक्टरांच्या, हव्या तर फोनवरच्या. उरलेले १० व्याख्यानांना खुशाल ठेवा.

नर्सच्या १५० तासांसाठी वेगळी सोय लागेल. वॉर्डात तीन नर्सचं काम एकटी ओढत असेल, तर तिला शिबिराला सोडणार कोण? तिचे तास ड्यूटीतच, वॉर्डातच, दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मोजले गेले पाहिजेत. महिन्यातून एकदा पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव हॉटेलातल्या दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या डिसेंबरपासून डॉक्टरला दर पाच वर्षांनी परवाना टिकवण्यासाठी क्रेडिटखेरीज रुग्णांचं मत, सहकाऱ्यांचं मत, तक्रारी आणि स्वतःच्या कामातल्या सुधारणांचा पुरावा द्यावा लागतो. ती कागदपत्रं फार वाढली, अशी तिथल्या डॉक्टरांची कुरकुर आहे आणि ती खोटी नाही. आपल्याला तेवढं नको. नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना वाढवला तरी सुरुवात होईल : गेल्या पाच वर्षांत तुम्ही तुमच्या उपचारांत काय बदललं, आणि कशाच्या आधारावर? या रकान्यातही एकाचं पाहून दुसरा लिहील, हे उघड आहे. म्हणून उत्तराखाली आणखी एक सही हवी, ते केसपेपर स्वतः पाहिलेल्या दुसऱ्या डॉक्टरची, त्याच्या नोंदणी क्रमांकासह.